पहिले रेडिओ-नियंत्रित विमान तीनदा आपटले: मोटर बदलावी की विमानच?

कोरेगावकर यांची विचारणा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ राहतो आणि गेली अठरा वर्षे पंपाच्या मोटरी रिवाइंडिंग करण्याचा व्यवसाय करतो. विजेचे काम सवयीचे असल्यामुळे, नववीत शिकणाऱ्या पुतण्याने रेडिओवर चालणारे विमान बनवण्याचा हट्ट धरला तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. विमान तयार झाले, परंतु तीन वेळा हातातून सोडले आणि तिन्ही वेळा जवळजवळ एकाच पद्धतीने पडले.

पंख थर्माकोलच्या सपाट पट्टीचा असून त्याची लांबी ९० सेंटिमीटर आणि रुंदी १५ सेंटिमीटर आहे. धड आणि शेपटी तीन मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डची आहे, कारण तो आमच्या गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्याकडे सहज मिळाला. मोटर २२१२ आकाराची, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) आहे; तिला १० बाय ४.५ इंचांचा प्रॉपेलर आणि ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) जोडला आहे. विमान जास्त वेळ उडावे म्हणून तीन सेलची ५२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेतली. किराणा दुकानातल्या काट्यावर सगळे मिळून १,१५० ग्रॅम भरले. विमान दोन बोटांवर तोलून पाहिले, तेव्हा पंखाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर ते समतोल राहत होते आणि ते मला योग्यच वाटले.

पूर्ण थ्रॉटल (मोटरचा वेग) देऊन पुतण्याने फेकल्यावर विमान नाक वर करते, क्षणभर हवेत थबकल्यासारखे होते, डावा पंख खाली टाकते आणि जमिनीवर येते. कळ हलवायलासुद्धा वेळ मिळत नाही. ओळखीतले लोक मोठी मोटर घ्या म्हणतात. आतापर्यंत रेडिओ धरून साडेआठ हजार रुपये गेले आहेत, तेव्हा पुढचा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

पंखभार, पुणे

आपण मापे आणि वजन दिले, त्यामुळे अंदाजाने बोलावे लागणार नाही. मोटर घेऊ नका. आपल्याकडे आहे तीच मोटर त्या प्रॉपेलरवर साधारण ८०० ग्रॅमचा जोर देते आणि शिकाऊ विमानाला स्वतःच्या वजनाच्या निम्मा जोरही पुरतो. आपल्या विमानाला तो सत्तर टक्के मिळतो आहे आणि तरीही ते पडते, याचा अर्थ कारण दुसरीकडे आहे.

पहिले कारण वजनाचे आहे. मात्र नुसत्या वजनाकडे न पाहता ते किती पंखावर पसरले आहे हे पाहावे लागते. आपल्या पंखाचे क्षेत्रफळ १,३५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेतेरा चौरस डेसिमीटर आहे आणि १,१५० ग्रॅमला त्याने भागले की प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ८५ ग्रॅम येतात; यालाच पंखभार म्हणतात. नवशिक्याच्या विमानात हा आकडा ३५ च्या खाली असावा असे मी मानतो. ८५ ग्रॅमच्या पंखभाराला हवेत टिकून राहण्यासाठी ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेग लागतो, तोही पंखाचा आडवा छेद चांगला असेल तर. सपाट पट्टीला त्याहून जास्त लागेल. नववीतल्या मुलाच्या हाताने फेकलेले विमान पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. म्हणजे आपले विमान पडले असे म्हणण्यापेक्षा ते उडण्याच्या वेगाला पोहोचलेच नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

दुसरे कारण तोलाचे आहे. विमान पंखाच्या मध्यावर तोलावे असे पहिल्यांदा बांधणाऱ्या प्रत्येकालाच वाटते, कारण तराजू मध्यावरच तोलतो. परंतु पंखाची उचल मध्यावर एकवटलेली नसते; ती पुढच्या कडेपासून साधारण एक चतुर्थांश रुंदीवर काम करते. गुरुत्वमध्य त्याच्या फार मागे गेला की नाक जरा वर झाल्यावर ते आणखी वर जाऊ लागते आणि शेपटीला ते खाली आणता येत नाही. साध्या विमानात गुरुत्वमध्य रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर ठेवावा; आपल्या १५ सेंटिमीटरच्या पंखात तो पुढून चार-साडेचार सेंटिमीटरवर यायला हवा होता. सनबोर्डची शेपटी येथे दुहेरी नुकसान करते. एक चौरस मीटर तीन मिलिमीटर सनबोर्ड दीड किलोच्या आसपास भरतो, आणि शेपटी पंखापासून नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर तिथल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात तीन ग्रॅम भरावे लागतात.

डावा पंख पडण्याचे कारण तर आपल्या धंद्यातलेच आहे. प्रॉपेलर मागून पाहिल्यावर उजवीकडे फिरतो, तेव्हा त्याची प्रतिक्रिया विमानाच्या धडाला डावीकडे पिळते. वेग असला की पंख हा पीळ सहज पेलतो, परंतु कमी वेगात आणि पूर्ण थ्रॉटलवर तो वरचढ ठरतो. मोठी मोटर बसवली असती तर हा पीळ वाढला असता आणि विमान आणखी लवकर उलटले असते.

नवे विमान बांधावे, आणि तेही आधी वजनाचा हिशेब मांडून. १२० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. एकूण वजन ७०० ग्रॅम ठेवले तर पंखभार २९ येतो आणि लागणारा वेग ताशी पंचवीस किलोमीटरवर उतरतो, जो हाताने देता येतो. ५२०० ची बॅटरी बाजूला ठेवून २२०० एमएएचची घ्यावी. ती सुमारे १८० ग्रॅमची असते. मोटर, प्रॉपेलर आणि माउंट मिळून ७०, ईएससी ३०, रिसीव्हर १५, नऊ ग्रॅमचे दोन सर्वो (शेपटीचे हलते भाग ओढणाऱ्या छोट्या मोटरी) २०, तारा व सळया ३०, असे ३४५ ग्रॅम होतात, म्हणजे सांगाड्यासाठी साडेतीनशे ग्रॅमच उरतात. एखादी वस्तू जड झाली तर कुठून किती कमी करायचे ते या हिशेबामुळे बांधणी चालू असतानाच कळते.

पंख धडाच्या वर ठेवावा. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) न लावता रडर (शेपटीची उभी, डावे-उजवे वळवणारी झडप), एलेव्हेटर (शेपटीची आडवी, नाक वर-खाली करणारी झडप) आणि थ्रॉटल अशा तीनच चॅनेलवर पहिले विमान उडवावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी दोन्ही पंखांची टोके मधल्या भागापेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच असावीत. विमान एका बाजूला कलले की हा उठावच त्याला पुन्हा सरळ करतो आणि रडर दिल्यावर तोच त्याला वळणात झुकवतो. रडरचा सर्वो रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलला जोडावा, म्हणजे वळवण्याची कळ उजव्या हाताखाली येईल आणि पुढे एलेरॉनचे विमान घेतले तरी हाताची सवय मोडणार नाही. शेपटीचा आडवा भाग ४५ बाय ११ सेंटिमीटर पुरेल आणि तो पंखाच्या मागच्या कडेपासून ५० ते ६० सेंटिमीटर मागे असावा.

हवाई छात्र, कोल्हापूर

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. माझे म्हणणे साहित्याविषयी आणि चाचणीविषयी आहे. महाविद्यालयात असताना मी एनसीसीच्या हवाई शाखेत होतो आणि तिथे एरोमॉडेलिंगच्या पहिल्या वर्गात इंजिनाला हातही लावू दिला जात नसे. आधी बाल्साचे, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाचे, छोटे हातफेकीचे विमान करायचे, त्याच्या नाकाला मातीचे गोळे लावून ते सरळ तरंगेपर्यंत फेकत राहायचे, आणि मगच पुढची पायरी. त्या वेळी ते कंटाळवाणे वाटे. पुढे स्वतःच्या पैशाने विमाने बांधू लागलो तेव्हा त्या मातीच्या गोळ्यांची किंमत कळली.

बाल्सा आपल्याकडे बाहेरून येतो आणि महाग पडतो, त्यामुळे पहिल्या विमानाला तो वापरू नये. पाच मिलिमीटरची दाट फोमशीट मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास बारीक दाण्याचा दाट थर्माकोल चालतो. सपाट पट्टीऐवजी पंखाच्या पुढच्या अर्ध्या रुंदीवर वरून दुसरी पट्टी चिकटवावी, म्हणजे मध्यावर एक पायरी तयार होते. ही पायरी दिसायला ओबडधोबड असली तरी सपाट पट्टीपेक्षा ती संथ वेगात बरी वागते, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पतंगाला वापरतात तशी जाड बांबूची कामटी लांबीभर बसवता येते. कामटी घेताना ती दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहावी आणि दोन्ही बाजूंना सारखी वाकणारीच निवडावी.

चिकटवण्याच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. झटपट चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद थर्माकोल वितळवतो, चपलेला लावतात तो रबरी गोंद वितळवतो आणि स्प्रेचा रंगही वितळवतो. पांढरा फेविकॉल सुरक्षित आहे, परंतु दोन फोमशीटच्या मध्ये त्याला हवा लागत नाही, म्हणून तो दोन-दोन दिवस ओला राहतो. त्याचा अगदी पातळ हात द्यावा आणि रात्रभर वजन ठेवावे. मोटर बसते ती तीन मिलिमीटरची प्लायची फळी, सर्वो आणि पंखाचा मधला सांधा यांसाठी दोन भागांचे इपॉक्सी वापरावे. गरम गोंदाची बंदूक हाताला सोपी वाटते, पण तो गोंद जड असतो आणि पाहता पाहता त्याचेच चाळीस-पन्नास ग्रॅम होतात.

रडर व एलेव्हेटर ओढण्यासाठी आमच्याकडे अनेक जण सायकलचा आरा वापरतात. नऊ ग्रॅमच्या सर्वोला तो विनाकारण जड आहे. एक मिलिमीटरची पोलादी पियानो तार घ्यावी आणि ती मध्ये वाकू नये म्हणून तीन-चार ठिकाणी शीतपेयाच्या नळीचे तुकडे चिकटवून त्यातून न्यावी. पंख मात्र धडाला कधीही चिकटवू नये. धडातून आडव्या दोन कामट्या काढून त्यांना रबरबँडने तो बांधावा. विमान आपटले की रबर निसटते, पंख बाजूला पडतो आणि मोडतोड अर्ध्यावर येते.

तयार झाल्यावर बॅटरीसह सगळे साहित्य जागच्या जागी बसवून, परंतु मोटर बंद ठेवून, गुडघाभर गवताच्या जागी वाऱ्याच्या तोंडावर विमान फेकावे. नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून भाला फेकतो तसे सरळ सोडावे, वर भिरकावू नये. खांद्याच्या उंचीवरून सुटलेले विमान दहा-बारा मीटर संथपणे तरंगत गेले, तर तोल बरोबर आहे. नाक वर करून थबकले, तर बॅटरी एकेक सेंटिमीटर पुढे सरकवत जावे. सूर मारला, तर मागे घ्यावे. ही चाचणी जमेपर्यंत मोटर चालू करू नका, मग त्यासाठी चार रविवार गेले तरी हरकत नाही.

सिम्युलेटरवाला, नाशिक

माझे मत थोडे वेगळे आहे. बांधायला शिकणे आणि उडवायला शिकणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि दोन्ही एकाच विमानावर शिकायला गेले की दोष विमानाचा आहे की हाताचा आहे, हे कळेनासे होते. शक्य असल्यास एखादे तयार फोमचे शिकाऊ विमान घ्यावे. ते शक्य नसेल तर निदान संगणकावरच्या सिम्युलेटरवर दहा-पंधरा तास घालवावेत. आपला रेडिओ केबलने संगणकाला जोडता येतो, त्यामुळे सराव त्याच कळींवर होतो.

नवशिक्याची खरी गाळण उडते ती विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी मनातल्या मनात विमानात बसण्याचा प्रयत्न करू नये. जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला कळ न्यावी, म्हणजे तो पंख वर येतो. पंखाच्या खालच्या बाजूला रंगीत टेपचे दोन जाड पट्टे आणि वरची बाजू वेगळ्या रंगाची ठेवली, तर लांबून विमान कसे कलले आहे हे ओळखणे पुष्कळ सोपे जाते.

कोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. तयार विमान घेण्याचा सल्ला पटतो, पण पुतण्याला बांधण्यातच रस आहे आणि खरे सांगायचे तर मलाही आहे. सिम्युलेटर मात्र कालच संगणकावर घेतला आहे. बॅटरीची काळजी आणि उडवण्याची जागा या दोन गोष्टींविषयी आणखी मार्गदर्शन मिळाले तर बरे होईल. आमच्या शेताशेजारी उसाची तोडणी झाल्यावर मोठी जागा मोकळी होते. कोणी कासच्या पठारावर जाण्याचेही सुचवले आहे.

पंखभार, पुणे

कासला अजिबात जाऊ नका. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यांपैकी ते एक आहे, आणि तिथे विमान शोधत फुलांवरून फिरणे कोणालाही शोभणार नाही. शिवाय डोंगराच्या ज्या बाजूला वारा आदळत नाही, तिथे हवा खाली कोसळत असते आणि हलके विमान तिच्यात सापडले की सुटत नाही. तोडणी झालेले शेत चांगले. फक्त विजेच्या तारा, विहीर आणि रस्ता यांपासून लांब उभे राहावे. सूर्योदयानंतरचा दीड-दोन तासांचा काळ सर्वांत निवांत असतो. उन्हे तापली की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात. संक्रांतीच्या आसपासचे दिवस मात्र टाळावेत, कारण प्रॉपेलरमध्ये मांजा गुंतला की विमान गेलेच. घारी कुतूहलाने जवळ येतात. त्या आल्या की खाली उतरावे, त्यांच्याशी खेळत बसू नये.

नियमांविषयी थोडक्यात सांगतो. भारतात २०२१ चे ड्रोन नियम अशा विमानांनाही लागू होतात. आपले विमान २५० ग्रॅमपेक्षा जड आणि दोन किलोपेक्षा हलके असल्यामुळे ते सूक्ष्म म्हणजे मायक्रो गटात येते आणि व्यावसायिक वापर नसेल तर या गटासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपले शेत हिरव्या (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या) क्षेत्रात येते का ते आधी पाहावे; कराडला धावपट्टी असल्यामुळे त्या दिशेच्या लोकांनी तर पाहावेच. हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे, आणि विमान नजरेआड जाऊ देऊ नये. या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून नोंदणीची सध्याची अट डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावी.

लायपोला आपल्या पंपाच्या मोटरीइतके सोशिक समजू नका. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर आणि वापरताना ३.५ च्या खाली जाऊ देऊ नये. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून आणि डोळ्यासमोरच भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. सरासरी आठ अँपिअर खर्च आणि ऐंशी टक्के वापर धरला तर तेरा मिनिटे मिळतात. रेडिओचा गजर आठ मिनिटांना लावावा. आणि टेबलावर सर्वोची जुळणी करताना प्रॉपेलर काढून ठेवावा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा बदलायच्या, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

कोरेगावकर, पाच आठवड्यांनंतर

नवे विमान ७३५ ग्रॅमचे झाले. वाढलेले पस्तीस ग्रॅम मुख्यतः माझ्या इपॉक्सीचे आहेत, हे पुतण्याने काट्यावर सिद्ध करून दाखवले. गुरुत्वमध्य साडेपाच सेंटिमीटरवर आहे. पहिले दोन रविवार नुसते मोटर बंद ठेवून फेकण्यात गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता तीन चतुर्थांश थ्रॉटलवर सोडले आणि विमान हातातून निघून सरळ चढत गेले. मी चार मिनिटे उडवले, पुतण्याने नंतर सहा मिनिटे उडवले. उतरताना पंख निसटला, पण मोडले काही नाही.

एक अडचण राहिली आहे. थ्रॉटल कमी असताना विमान छान सरळ जाते, परंतु वाढवला की नाक वर करते, आणि मला सतत कळ पुढे दाबून धरावी लागते. बॅटरी आणखी पुढे सरकवावी का?

हवाई छात्र, कोल्हापूर

अभिनंदन. बॅटरीला हात लावू नका. थ्रॉटल बंद असताना विमान सरळ तरंगत असेल, तर तोल बरोबर आहे आणि दोष मोटरच्या रोखाचा आहे. उंच पंखाच्या विमानात मोटर पंखाच्या बरीच खाली ओढत असते, म्हणून जोर वाढला की नाक उचलले जाते. शिवाय वेग वाढला की पंखाची उचलही वाढते. मोटरचा रोख दोन-तीन अंश खाली करावा लागेल. माउंट आणि प्लायची फळी यांच्या मध्ये, फक्त वरच्या स्क्रूंखाली, एक मिलिमीटरचा एकेक वॉशर घालावा. वरचे आणि खालचे स्क्रू ३५ मिलिमीटर अंतरावर असतील तर एका वॉशरने दीड अंशाहून थोडा जास्त फरक पडतो. तो अपुरा वाटला तर दुसरा घालावा. पूर्ण थ्रॉटलवर विमान डावीकडे ओढत असेल, तर मागून पाहताना डाव्या बाजूच्या स्क्रूखाली तसाच एक वॉशर द्यावा, म्हणजे मोटर किंचित उजवीकडे पाहील.

वॉशर घातल्यावर एलेव्हेटरचे ट्रिम (कळ मोकळी असताना झडप कुठे राहील ते ठरवणारी जुळणी) पुन्हा शून्यावर आणावे आणि पहिली फेरी निम्म्या थ्रॉटलवरच घ्यावी.